तिच्या खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं? : दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

सर्व दिवाळी अंकांच्या संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे दरवर्षी दिवाळी अंक योजना असते. वर्गणी भरली की सभासदांना दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत सगळे अंक आळीपाळीनं वाचायला मिळतात. एकेक अंक कितीतरी घरं फिरून येतो. पानं दुमडलेली असतात, कुठं हळदीचं बोट उमटलेलं असतं, कथेच्या शेवटी पेन्सिलीनं कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं. तुमच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. होळीच्या सुमारास तुमची पुढच्या अंकाची जुळवाजुळव सुरू होते, विषय ठरतात. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आताच लिहिते आहे.

विषय कथेचाच आहे. नातेसंबंध, कुटुंब, माणसाचं बदलणं यांवरच्या कथा तुमच्या अंकांत भरपूर असतात आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचल्या जातात त्याही याच. राजकारणावरचे लेख, प्रवासवर्णनं, भविष्य हे सगळं वाचलं जातंच, पण अंक परत देताना माणूस टेबलापाशी घुटमळतो तो कथेबद्दल बोलायला. म्हणून हे ठामपणे सांगते, की या कथा फार लवकर थांबतात. निर्णय झाला की संपतात. ज्या ठिकाणी माणूस खरोखर बदलायला लागतो, त्या ठिकाणी पोचायच्या आत लेखक पेन खाली ठेवतो आणि तुम्ही ते छापता.

आमच्याकडे शिवणकाम करणारी एक सभासद आहे. (या पत्रातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, आणि ज्यांचं सांगते आहे त्यांना विचारूनच सांगते आहे.) तिनं एका अंकातली कथा वाचली. वीस वर्षं संसार केलेली बाई एका संध्याकाळी बॅग भरते, दार उघडते, बाहेर पाऊस पडत असतो, ती छत्री न घेता पायऱ्या उतरते. कथा संपली. भाषा छान, पाऊस छान. अंक परत देताना ती म्हणाली, “मॅडम, गोष्ट चांगली आहे. पण हिच्या खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं?”

तिला हे खरंच जाणून घ्यायचं होतं. कारण ती स्वतः अशीच बाहेर पडली होती, दोन पोरं घेऊन. डिपॉझिटचे पैसे तिनं बचत गटातून उचलले. गटातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना न सांगता तिच्यासाठी जबाबदारी घेतली आणि तिचा हप्ता चुकू नये म्हणून सुरुवातीचे काही महिने तिला हक्कानं ब्लाउज शिवायला आणून दिले. त्या बायका आज तिच्या कोण लागतात? मैत्रीण हा शब्द अपुरा पडतो, बहीण म्हणावं तर सख्ख्या बहिणीनं तेव्हा फोन उचलला नव्हता. भाऊ पुष्कळ दिवस आला नाही, मग एकदा आला आणि पंखा बसवून गेला, बोलला काहीच नाही. आणि सासू! नवऱ्याशी सगळं तुटलं, पण सासू अजून दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटली की नातवाच्या हाती डबा पाठवते. ही घेते. रिकामा डबा परत पाठवताना त्यात काहीतरी घालून पाठवते, कारण रिकामा डबा पाठवायचा नसतो. दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

मला सांगा, कथा कुठे आहे? पावसात पायऱ्या उतरण्यात, की त्या डब्यात?

घर मोडण्याच्या कथा मराठीत खूप लिहिल्या गेल्या. त्या लिहायलाच हव्या होत्या. एके काळी बाईनं दाराबाहेर पाऊल टाकणं हीच एवढी मोठी गोष्ट होती की तिथं कथा संपणं बरोबर होतं. आता आमच्या गावातसुद्धा बायका बाहेर पडतात, काही परत येतात, काही अर्ध्या आत अर्ध्या बाहेर राहतात. त्यानंतर रेशनकार्डावरचं नाव कमी करून आणायचं असतं. मुलाचा शाळेचा दाखला काढायला गेलं तर वडिलांना घेऊन या म्हणतात. शासनाने ठरवलं की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव येईल. शिवणकाम करणाऱ्या आमच्या सभासदाची मुलं त्याच्या आधीची. शाळेच्या रजिस्टरात आईचं नाव नाही. थोरला वहीवर आपल्या हातानं ते घालतो, धाकटा घालत नाही, कारण त्याला बाप आवडतो. हे सगळं कागदांचं आणि पैशांचं आहे म्हणून कथेच्या बाहेर ठेवायचं, असं तुमच्या लेखकांना कुणी सांगितलं? आमच्याकडची नाती कागदांतून आणि पैशांतूनच तुटतात, तिथूनच पुन्हा जुळतात.

आता बहीण-भावाचं बघा. दिवाळी अंकाला याहून जवळचं नातं कुठलं? भाऊबीज त्याच आठवड्यात येते. तरी बहीण-भावावरच्या बहुतेक कथा लहानपणीच्या आठवणींवर उभ्या असतात. आजोळ, परकराचा ओचा, कैऱ्या, मग भावाची परदेशातून आलेली ईमेल. आमच्या ग्रंथालयाच्या समोरच्या रस्त्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय आहे. तिथं हक्कसोडपत्रं, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचे कागद, नोंदवली जातात, आणि बहीण-भावाची आजची गोष्ट तिथं रोज घडते. भाऊ गाडी करून बहिणींना आणतो. बहिणी चांगल्या साड्या नेसून येतात. फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, सह्या होतात. मग सगळे मिळून हॉटेलात जेवतात. भाऊ साडी घेतो. बहिणी हसत असतात, आणि ते हसणं खोटं असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पुढं तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबारावरून त्यांची नावं जातात.

महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क १९९४ मध्येच दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला आणि ही लग्नाची अट गेली. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यावरून कोर्टांत वर्षानुवर्षं घोळ चालला, तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. हक्क जन्मानंच मिळतो, असं सांगितलं. एका घरात तीन बहिणी असतील तर एकीचं लग्न कायद्याआधीचं, एकीचं नंतरचं, तिसरी बिनलग्नाची, असं होऊ शकतं. थोरलीला वाटतं, मला मिळणार नव्हतंच, तेव्हा मी न मागताच गप्प बसले, त्यावर मोठेपणा मिळाला. आता धाकटी मागते आहे, तेव्हा माझा मोठेपणा कुठं गेला? हे मला एका सभासदानं सांगितलं. यापुढे मी काय लिहू?

आमच्या भागात यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, ती म्हणजे पाणी. आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ ही कायमची दुष्काळी नावं. कुसळं उगवायची अशी जमीन. तिचा वाटा कुणी मागत नव्हतं, कुणी द्यायला नाही म्हणत नव्हतं. मग टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कालव्यानं आलं. ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं तिथं डाळिंब, द्राक्षं, ऊस उभा राहिला. आणि पाण्यापाठोपाठ घराघरांत प्रश्न आला की या जमिनीवर नाव कुणाचं. दुष्काळात एकमेकांना धरून राहिलेली भावंडं पाणी आल्यावर दुरावली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुष्काळावर मराठीत कथा पुष्कळ आहेत. पाणी आल्यानंतर घराचं काय होतं, यावर किती आहेत?

आणि या गोष्टीत कुणी सरळ खलनायक नाही, म्हणून तर ती कथेची गोष्ट आहे. सही मागणाऱ्या भावाची बायको स्वतः तिच्या माहेरी सही करून आलेली असते. ती म्हणते, “मी माझं सोडलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आता नणंदेला का द्यायचं?” तिच्या मनात लोभ असेलही, पण त्याआधी तिचं स्वतःचं सोडलेलं आहे. दुसऱ्या एका घरात बहिणीला वाटा नको होता, तिच्या नवऱ्याला हवा होता. तिनं माहेरही राखलं आणि सासरही, आणि आता दोन्हीकडे तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. एका घरात भावानंच हट्टानं बहिणींची नावं लावली आणि त्याच्या मुलानं त्याच्याशी बोलणं टाकलं. एक बहीण सही न करता परत गेली. त्या दिवाळीला भाऊ आला नाही, पुढच्याही नाही. मग त्याच्या मुलीनं आपण होऊन आत्याला फोन केला, कारण तिला कळलं होतं की आज जे आत्याचं झालं ते उद्या आपलं होणार आहे. आत्या-भाचीचं ते नातं नव्यानं तयार झालेलं आहे, आणि ते तयार व्हायला एक कायदा, एक कालवा आणि एक न झालेली सही लागली. ही गोष्ट कुणीतरी बैठक मारून, दमानं, तिला लागतील तेवढी पानं घेऊन लिहायला हवी.

दूर गेलेल्या मुलाची कथाही तुमच्या अंकांत ठरलेली. मुलगा न्यूजर्सीला किंवा सॅन होजेला, आईवडील पुण्यात, पडद्यावर नातू. त्या आईवडिलांचं दुःख खोटं नाही आणि आमचे सभासद ते मनापासून वाचतात. पण आमच्याकडं दूर जाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यानं या भागातली माणसं देशभर नेली. विटा आणि आसपासच्या गावांतली घरं आज तामिळनाडूत आहेत, केरळात आहेत, उत्तरेत पार दिल्लीपलीकडे आहेत. गावातले मोठे बंगले वर्षातले बरेच महिने कुलूप लावून असतात आणि जत्रेला, लग्नसराईला, दिवाळीला उघडतात. तिथं वाढलेली नातवंडं आजीशी मराठी बोलतात, पण आपापसांत भांडताना तमीळमध्ये भांडतात. आजीला भांडण कळत नाही, म्हणून ती मध्ये पडू शकत नाही. एका आजीचं हे सगळ्यात मोठं दुःख आहे. “दोघं भांडत्यात आणि मला कुणाची बाजू घ्यायची कळत न्हाई,” असं ती म्हणाली. आता सुना तिकडच्या ओळखीतून येऊ लागल्यात, गावाकडं मुलगी पाहायला यायची पद्धत सैल होते आहे. मराठी कुटुंब कसं बदलतं आहे हे पाहायचं तर त्रिशूरच्या सराफ गल्लीतल्या मागच्या खोलीतही जावं लागेल. तिथून कथा मागवली आहे का कधी तुमच्यापैकी कुणी?

लग्न न जमणाऱ्या मुलांबद्दल मात्र लिहिलं जातं, पण बहुधा विनोदी कथा म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुलं नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली, तेव्हा सगळीकडे हसणं झालं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. ज्यांनी गर्भातच मुलगी नको म्हटलं त्यांच्याच घरात आज मुलाला मुलगी मिळत नाही, आणि त्या मुलाचा यात दोष नाही. पस्तिशीतला मुलगा आणि त्याची आई संध्याकाळी एकमेकांसमोर जेवायला बसतात. आईला माहीत आहे तिनं काय केलं होतं. मुलालाही आता माहीत आहे. यावर विनोदी कथा लिहिणाऱ्याला मी थांबवू शकत नाही, पण तुम्ही तिच्याशेजारी दुसरी कथा मागवू शकता.

माणसाच्या बदलण्याबद्दल अजून एक सांगायचं आहे, आणि माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं हेच आहे. तुमच्या अंकांतल्या कथांत माणूस एका क्षणात बदलतो. जुनं पत्र सापडतं, समुद्रावर सूर्य बुडतो, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक रात्र जाते, आणि सकाळी तो वेगळा माणूस असतो. आमचे एक सभासद एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आहेत. बायकोला अर्धांगवायू झाला. आयुष्यभर ज्यानं स्वतःचं ताट उचललं नाही तो माणूस तिचं सगळं करतो. अशाच नवऱ्याची एक कथा एका अंकात होती, तो एका रात्रीत बदलला होता. ते अंक परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, मला तर नुसती वेणी घालायला शिकायला पावसाळा गेला.” मग थांबून म्हणाले, पहिल्यांदा केस ओढले गेले तेव्हा ती रडली, आणि मला तिचा राग आला. एकदा फणी फेकली. बाहेर येऊन इथं वाचत बसलो, संध्याकाळपर्यंत घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीला बोलावून शिकून घेतलं.

त्यांना तुम्ही विचाराल की तुम्ही कधी बदललात, तर ते सांगू शकणार नाहीत. तसा दिवसच नाही. फणी फेकलेला दिवस आहे, शेजारच्या मुलीसमोर मान खाली घालून शिकलेला दिवस आहे, नंतर पुन्हा चिडलेले कितीतरी दिवस आहेत. हे लिहिणं अवघड आहे हे मला कळतं. साक्षात्काराचा क्षण लिहिला की कथेला शेवट मिळतो, आणि इथं तसा आयता शेवट मिळत नाही. पण अवघड आहे म्हणून ज्यानं ते करून पाहिलं त्या लेखकाला जागा द्यायची की नाही, हे तर तुमच्या हातात आहे.

असं लिहिणारे नाहीत असं कुणी म्हणू नये. गेल्या काही वर्षांत मराठीला साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१२ मध्ये जयंत पवारांमुळे, २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांच्यामुळे आणि २०२१ मध्ये किरण गुरव यांच्यामुळे मिळाला, आणि तिन्ही वेळा तो कथासंग्रहाला होता. कादंबरीच्या बाजारात कथा मागे पडली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मुंबईचं गिरणगाव, परभणीकडचा शेतकरी, कोल्हापूरकडचा शिकून बाहेर पडलेला मुलगा, ही घरं कथेत आली आणि वाचकांनी ती आपली म्हणून वाचली. अशा कथांना पहिली जागा बऱ्याचदा दिवाळी अंकांनीच दिली आहे. म्हणूनच तर हे पत्र मी प्रकाशकांना किंवा पुरस्कार समित्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं घर तुमच्याकडे आहे. दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या माणसाला मी सांगते की आमच्याकडे सणाला नवे कपडे, फराळ आणि नव्या कथा घरात येतात, तर त्याला नवल वाटतं. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद झालं. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांबद्दल अजून बोललं जातं. कथा परत यायची, पण सोबत पत्र यायचं. इथं पात्र अजून उभं राहिलं नाही, इथं तुम्ही घाई केलीत, पुन्हा लिहून पाठवा. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी होळी केली, हेही विसरून चालणार नाही. तिथल्या अभिरुचीच्या दारातून त्यांची घरं आत येत नव्हती. मला तुमच्याकडून या दोन्हींचा धडा घेतलेला हवा आहे. ती काळजी हवी, आणि दार उघडंही हवं.

आता नेमकं काय मागते आहे ते सांगते. कथेला शब्दमर्यादा घालून तीन पानांत बसवू नका. ज्या गोष्टीला वीस पानं लागतात तिला वीस पानं द्या, त्यासाठी कथांची संख्या कमी झाली तरी चालेल. आमचे वाचक अनुक्रमणिकेत किती नावं आहेत हे मोजत नाहीत. लेखकाला मेच्या अखेरीस फोन करून जुलैच्या अखेरीस कथा मागू नका. जी गोष्ट जगायला वर्षं लागतात ती लिहायला दोन महिने पुरत नाहीत. आज सांगा, आणि यंदा झाली नाही तर पुढच्या वर्षी छापू असंही सांगा. कथा अर्धी आहे असं वाटलं तर परत पाठवा, पुढं काय झालं ते विचारा. तिच्याकडे पैसे कुठून आले, मुलं कुणाकडे झोपली, भावाला कुणी कळवलं, एवढं विचारलं तरी कितीतरी कथा पुढं सरकतील. आणि मानधन द्या, वेळेवर द्या. गावात राहून, नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या मुलीला पोस्टानं आलेला अंक आनंद देतो हे खरं, पण तिच्या घरच्यांना तिचं लिहिणं हे काम वाटायला लागतं ते पैसे आल्यावर. तिच्या घरातलं तिचं स्थान त्या एका धनादेशानं बदलतं.

नवे लेखक शोधायचे तर स्पर्धा घेऊ नका, निदान तेवढ्यावर थांबू नका. स्पर्धेला येतात त्या कथा स्पर्धेसारख्या असतात. आमच्यासारख्या ग्रंथालयांना विचारा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, ‘ड’ वर्गातली लहान लहान ग्रंथालयं खेड्यांत आहेत, आणि तिथल्या माणसाला माहीत असतं की कोण मुलगी वहीत काहीतरी लिहून ठेवते, कोण निवृत्त माणूस आपल्या आईबद्दल लिहायला घाबरतो.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. कागद महागला, जाहिराती पातळ झाल्या, अंक काढणं दरवर्षी जिवावर येतं, हे तुमच्या संपादकीयांतून वाचते. वाचकाला हलकंफुलकं हवं असतं, असंही तुमच्यापैकी काही जण म्हणतात. याबद्दल मात्र मला आमच्या वाचकांच्या वतीनं बोलायला हवं. हलकं वाचायला माणसाला आवडतं, मलाही आवडतं, आणि तेही चांगलं लिहिलेलं असावं. पण ज्या कथेत आपलं घर सापडतं ती कथा आमच्याकडे हातोहात फिरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचं. ती बातमी आमच्याकडे वर्तमानपत्रातून कापून घेतलेली सापडली, म्हणजे त्या पानाला चौकोनी भोक होतं. कापून नेणारी कोण ते मला माहीत आहे. ठराव झाला ही बातमी झाली. पण ठरावानंतर पहिल्यांदा जी बाई कुंकू लावून पाण्याला गेली, तिच्याकडे कुठल्या जावेनं कसं पाहिलं, लेकानं काय म्हटलं, तिला स्वतःला आरशात काय वाटलं, हे बातमीत येत नाही. ते वाचायला ती बातमी कापून नेणारी बाई दिवाळी अंक उघडते. तिला ते तिथं मिळायला हवं.

आमच्याकडे टेबलावर एक वही ठेवलेली असते. अंक परत देताना ज्याला जे वाटेल ते तिच्यात लिहितात, कथेचं नाव, अंकाचं नाव आणि खाली दोन ओळी. काही जण पानभर लिहितात. काही ठिकाणी एकाच कथेवर आई आणि मुलगी या दोघींनी वेगवेगळं लिहिलेलं आहे. ज्या संपादकांना ही वही पाहायची असेल त्यांनी ग्रंथालयाच्या नावानं साधं पत्र टाकावं. नावं झाकून, झेरॉक्स काढून पाठवते. टपालाचा खर्च आमचा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्रंथपाल